आधी निकाल, मग ऐकणं

धानाची कापणी आटोपत आली की चामोर्शी तालुक्यात नाटकांच्या जाहिराती दिसू लागतात. पानठेल्यांवर, शाळेच्या भिंतीवर, एसटीच्या थांब्यावर. मोठ्या अक्षरांत नाटकाचं नाव, त्याखाली वडशाच्या कुठल्या नाट्यमंडळाचा प्रयोग, नायिका कुठून आली, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे. दिवाळीनंतर मंडया भरतात, काही गावांत शंकरपट होतो, घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. रात्री दहानंतर उघडलेला पडदा पहाटे पडतो. तिकीट काढून, शाली-घोंगड्यांत लेकरं गुंडाळून, माणसं थंडीत रात्रभर बसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीची ही रंगभूमी स्वतःच्या प्रेक्षकाच्या तिकिटावर उभी आहे. महाराष्ट्रात असं किती कलांबद्दल म्हणता येईल?

तरीही संगीत शिकलेल्या माणसापुढे या नाटकांतल्या गाण्याचा विषय काढला की समोरचा थोडा गप्प होतो आणि मग दयेनं बोलू लागतो. त्या दयेबद्दल मला लिहायचं आहे. हा वाद इकडच्या घरांत मी पुष्कळदा ऐकला. तो इथे दोघांच्या तोंडी घालतो. एक भाची: संगीतात विशारद, मग एम. ए., आता कॉलेजात संगीत शिकवते. दुसरे तिचे मामा: उमेदीची सगळी वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत आधी पेटी आणि मग ऑर्गन वाजवत आलेले. ही दोघं म्हणजे कुणी ठरावीक माणसं नव्हेत. त्यांच्या तोंडचं म्हणणं मात्र खरोखरीचं आहे.

भाची: मामा, मी तुमच्या नाटकाला येत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं, मला कळतं. पण खरं सांगते, ऐकवत नाही. भोंग्यांचा तो आवाज, ऑक्टोपॅडचे ठोके, मध्येच कुठल्यातरी सिनेमातलं गाणं. सकाळी तंबोरा लावायला बसलं तरी कानात तेच घुमत असतं.

मामा: आवाज मोठा असते, कबूल. मंडपात मागं बसलेल्या म्हातारीनंही तिकीट काढलं असते ना. पण मले सांग, पूर्ण नाटक तू शेवटचं कधी पाहिलं? दहावीत होती. मंग नागपूरले गेली. म्हणजे तू जे ऐकवत नाही म्हणून राहिली ते ऐकलेलंच नाई.

भाची: मंडईच्या रात्री अर्ध्या गावाला ऐकू जातं, मामा. आणि माझा मुद्दा निव्वळ आवाजाचा नाही. दरबारीतला कोमल गंधार आणि बागेश्रीतला कोमल गंधार हे नावानं एक असले तरी गळ्यात एक नसतात. दरबारीचा गंधार खाली उतरून डुलत राहतो. तो फरक नुसता ऐकू यायलाच वर्षं जातात, गळ्यातून काढायला तर आयुष्य जातं. तुमच्या ऑर्गनवर तो गंधारच नाही. पट्टी दाबली की एकच सूर, दरबारी असो की लावणी.

मामा: हे तर रेडिओवाल्यांनीही सांगितलं होतं. 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. परदेशी वाद्य, मींड निघत नाई, श्रुती नाईत. ती बंदी सैल व्हायले 1971 उजाडलं. पण त्या सगळ्या काळात मैफलीत मोठमोठ्या गवयांच्या मागं काय वाजत होतं? पेटीच. गोविंदराव टेंबे पेटीवालेच होते, आणि 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. तेच वाद्य, तोच वाजवणारा. मैफलीत शुद्ध, स्टुडिओत अशुद्ध!

मामांचं उत्तर बिनतोड वाटतं, पण त्यांनी भाचीचा मुद्दा ओलांडून टाकला. पेटीवर दरबारीचा गंधार मिळत नाही हे खरंच आहे, आणि मैफलीत पेटी वाजत होती म्हणून ते खोटं ठरत नाही. तयार कान ही कमावलेली गोष्ट आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. ‘हे ऐकायला तालीम लागते’ या वाक्यावरून आपण कधी ‘त्याला कसलीच तालीम लागत नाही’ या वाक्यावर येतो ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

कारण मामांच्या कामाची तालीम वेगळी आहे, आणि ती कुठल्याच परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही.

मामा: हिरोइन संध्याकाळी गाडीतून उतरते. काल तिचा प्रयोग दुसऱ्या गावी होता, गळा बसला असते. रंगवून घेताना मले सांगते, आज काळी चार नाई जमणार, उतरवा. हिरोची पट्टी वेगळी, म्हाताऱ्या बापाचं काम करणाऱ्याची वेगळी. बसून सराव नाई. एखादा नवखा गडी पद घेता घेता पट्टी सोडते, तवा त्याले न समजू देता त्याच्या सुरावर जाऊन उभं राहावं लागते. लोकायले वाटलं पाहिजे का तो बरोबरच आहे. एखाद्यानं वाक्य गाळलं तं मधली जागा वाजवून भरायची. पहाटे चारले लोकं पेंगून राहिले असले तं त्यायले कोणत्या सुरावर जागं करायचं, हे तुमच्या पुस्तकात आहे का?

भाची: नाही. पण हे कसब झालं मामा. कौशल्य आहे, मी नाकारत नाही. कला त्याच्या पुढे असते.

इथे ती थांबते, आणि मला वाटतं, तिला थांबवावंच. संगतकाराचं कसब आणि गवयाची कला ही वाटणी जुनी आहे आणि सोयीची आहे. मैफलीत तबलजीलासुद्धा ती फार दिवस सोसावी लागली.

भाची: तुम्ही मला गर्विष्ठ समजता. पण विचार करा, भातखंडे नसते तर मी शिकले असते का? वकिली करणारा माणूस देशभर फिरला, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, छापल्या. 1916 मध्ये बडोद्याला पहिली संगीत परिषद भरवली. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच्या आधी चीज मिळायची ती घराण्यात जन्मलेल्याला किंवा उस्तादाची मर्जी झालेल्याला. आज चामोर्शीतली शेतकऱ्याची मुलगी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देत विशारद होते. ज्याला तुम्ही उच्चभ्रूपणा म्हणता, त्यानंच दार उघडलं.

मामा: दार उघडलं, तुझ्यासाठी उघडलं, मले आनंद आहे. पण दार उघडताना कोणाले बाहेर केलं तेही सांग. ज्या बायांनी ते गाणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्या कलावंतिणींना शाळेत कुठं जागा होती? 1919 च्या ‘एकच प्याला’च्या चाली घे. सुंदराबाईंनी दिलेल्या. पुण्याच्या लावणी-ठुमरी गाणाऱ्या बाई. गंधर्व मंडळीनं त्या चाली घेतल्या, साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतल्या, आणि आता तुम्ही त्यायले अभिजात नाट्यसंगीत म्हणून परीक्षेले लावता.

या मुद्द्यावर भाचीजवळ उत्तर नाही, आणि कुणाजवळच नाही. इतिहासकार जानकी बखले यांनी भातखंडे-पलुस्करांवरच्या 2005 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हेच दाखवलं: संगीत राष्ट्राचं आणि सभ्य करण्याच्या उद्योगात त्याचे जुने धनी, मुसलमान उस्ताद आणि गाणाऱ्या बाया, कडेला गेले. दार उघडलं गेलं हेही खरं, कुणीतरी बाहेर राहिलं हेही खरं. भातखंड्यांचं ऋण मानूनच हे म्हणायला हवं.

नाट्यसंगीताकडे मी थोडा जास्त वेळ देतो, कारण झाडीपट्टीच्या वादाची गाठ तिथेच आहे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्याच्या पदांच्या चाली कुठून कुठून आल्या होत्या: कीर्तनातून, साक्या-दिंड्यांतून, लावणीतून, कर्नाटकी गाण्यांतून. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा थोर गवई 1916 च्या ‘स्वयंवर’ला चाली द्यायला बसला आणि रागदारी थेट तिकीट काढणाऱ्या माणसाच्या ओठांवर गेली. त्या काळातही काही जाणकारांना ही रागाची विटंबना वाटत होती. ज्या संगीताला आज आपण जपण्याची भाषा करतो, ते आपल्या भरात बाजारातलंच संगीत होतं. तिकीट, वन्स मोअर, तबकड्यांचा खप यांवर ते जगलं.

झाडीत आधी दंडार होती. गावातलेच पुरुष, बाईचं काम करणारेही पुरुषच, बोली झाडीची आणि गाणं रात्रभर. खडी गंमत हे लोकनाट्यही होतं. त्या मुळावर कंपनी नाटकांचं वारं येऊन बसलं आणि पौराणिक-ऐतिहासिक नाटकं, पदं, ऑर्गन हे सगळं झाडीनं आपलंसं केलं. पुण्या-मुंबईत बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे संसार मोडले. झाडीत रात्रभराच्या नाटकाची आणि नाटकात गाणं असलंच पाहिजे या हट्टाची परंपरा तुटली नाही. संगीत नाटकाच्या त्या घराचा एक वारस इथे वडशात आणि चामोर्शीच्या मंडपात आहे. त्याला घरच्यांनीच ओळख दाखवू नये, याचं मला वाईट वाटतं.

मामा: नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिलं, 1967 चं. चाली अभिषेकी बुवांच्या, खाँसाहेबांच्या कामात वसंतराव देशपांडे. त्या नाटकात काय आहे? विद्या अडवून धरणारा उस्ताद. आपल्या घराण्याचं गाणं दुसऱ्या कोणाच्या कानावर पडू नये म्हणून जीव टाकणारा. लोकायनं ते नाटक तिकीट काढून पाहिलं, पदं पाठ केली. मंग ‘कट्यार’ लोकप्रिय म्हणायचं का अभिजात?

भाची: दोन्ही. पण तसं नाटक रोज होत नाही. आणि लोकप्रियतेनं ते चांगलं ठरलं नाही, ते चांगलं होतं आणि लोकांनाही कळलं. मामा, मी एम. ए. ला अडोर्नो वाचला. जर्मन तत्त्वज्ञ. 1941 मध्ये त्यानं लोकप्रिय संगीतावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की हे गाणं साच्यातून येतं. एक कडवं काढून दुसरं बसवलं तरी कुणाला कळत नाही. ऐकणाऱ्याचं ऐकणं गाण्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. त्याला काही करावंच लागत नाही.

मामा: त्यानं कोणतं गाणं ऐकलं होतं?

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण तोच नेमका आहे. अडोर्नोनं जॅझबद्दल ज्या तुच्छतेनं लिहिलं, ते जॅझ आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं जातं. अमेरिकेत संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक पिढ्यान्‌पिढ्या मैफलीच्या संगीताला आणि पुढे जॅझला मिळत आलं. 2018 मध्ये ते केंड्रिक लमार या रॅपरला मिळालं. म्हणजे अडोर्नोचा निकाल चुकला. त्याचा प्रश्न मात्र चुकलेला नाही. साचा कोण ठरवतं, हे विचारायलाच हवं, आणि झाडीपट्टीबद्दलही विचारायला हवं. भाची तिकडेच निघाली आहे. पण त्याआधी मामांना केसकर काढायचे आहेत. पिढ्यांचा राग आहे तो.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म पुण्याचा. 1952 ते 1962 केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री. चित्रपटसंगीतानं देशाची अभिरुची बिघडते आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. 1952 च्या अखेरीस तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि देश तिच्यामागे गेला. 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

मामा: तेव्हाची माणसं सांगत, गावात एक रेडिओ, त्याच्याभोवती सारा मोहल्ला. दिल्लीतल्या मंत्र्यानं सांगितलं का तुमचे कान खराब झाले. कोणी विचारलं त्यायले?

भाची: आता माझं ऐका. संस्थानं विलीन झाली, राजांचा आश्रय गेला. गवई, बीनकार, सारंगिये कुठे जाणार होते? केसकरांच्या आकाशवाणीनं त्यांना नोकऱ्या दिल्या, कार्यक्रम दिले. 1952 ला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, 1954 पासून आकाशवाणी संगीत संमेलन. बाजार त्यांना पोसणार नव्हता. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाजवून घेता आली, त्या गाण्यांना माझ्या आधाराची गरज नाही. ख्यालाला आहे. इथे चामोर्शीत ख्यालाची एक बैठक ठेवून पाहा, सतरंजीवर किती माणसं येतात. जो तोट्यात आहे त्यालाच तुम्ही शिष्ट म्हणता, हे बरोबर नाही.

या बोलण्यात खरी वेदना आहे आणि मी ती मान्य करतो. शहरांतली मोजकी सभागृहं सोडली तर रागसंगीत आज दुबळ्या बाजूला आहे. राजाश्रयाशिवाय ते जगणार नाही, आणि सरकारनं त्याला पैसा द्यावा. केसकरांनी गवयांना आधार दिला हे त्यांचं मोठं काम आहे. पण आधार देण्यासाठी दुसऱ्याचं गाणं बंद करायची काय गरज होती? जपणं आणि उतरंड लावणं ही दोन कामं त्यांनी एकत्र केली. आपल्या विद्यापीठांनी नेमकी ती सांगड उचलली आणि अजून सोडलेली नाही.

भाची: ठीक. मग आता साच्याचं बोलू. तुम्ही पदांचा एवढा अभिमान सांगता. आजच्या नाटकात पदं किती असतात? दोन? तीही घाईत. बाकी लावणी, मग सिनेमाचं गाणं, मग गोष्टीशी काही संबंध नसलेला मुलींचा नाच, खालून शिट्ट्या. पेनड्राइव्हवरून गाणं लागलं तर तुमचा ऑर्गनसुद्धा बंद. त्या मुलींकडे लोक कसे बघतात ते तुम्ही खड्ड्यात बसून रोज पाहता. याला मी कला म्हणू? नाही म्हटलं तर मी उच्चभ्रू?

मामा: नाई. ते म्हण. ते तू म्हणायलेच पायजे.

भाची: मग तुम्ही का म्हणत नाही?

मामा: म्हणतो. पण कोणाले? नाटक घेणारं गावचं मंडळ वडशाले जाते, विचारते, नाच किती, हिरोइन कोण. शेजारच्या गावात चार नाच झाले तं आपल्याकडे पाच पायजे. पद काढा म्हणतात, लोकं उठून जातात. पद चांगलं झालं तं कोणी उठत नाई, हे मले माहीत आहे. पण ते सांगणार कोण? मी ऑर्गनवाला. माझं कोण ऐकते? ज्यायचं ऐकतील ते तुम्ही शिकलेले. तुम्ही तं मंडपात येतच नाई. ‘स्वयंवर’मधलं यमनातलं पद मी इतकी वर्षं वाजवून राहिलो. माझ्या यमनात शुद्ध मध्यम कुठून येते, का येते, आला तं चालते का नाई, एकाही विद्वानानं येऊन सांगितलं नाई. दोनच गोष्टी ऐकल्या. एक तं छी. नाईतर मंग, वा, काय आपली लोककला!

मला जे म्हणायचं आहे ते मामांनी इथे म्हटलं. तुच्छता हा ऐकण्याचे कष्ट टाळण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. आणि ‘लोककला’ म्हणून केलेलं कौतुक हा त्याच कष्टांतून सुटण्याचा दुसरा मार्ग. पहिल्यात गाणं ऐकायच्या लायकीचं नाही म्हणून ऐकायचं नाही. दुसऱ्यात ते भोळं, अस्सल, मातीतलं म्हणून त्याला दोष द्यायचा नाही, म्हणजे पुन्हा नीट ऐकायचं नाही. ज्याच्या चुका काढायच्या नाहीत असं आपण ठरवतो, त्याला आपण बरोबरीचा मानलेलं नसतं. 2023 मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. सगळ्या झाडीला आनंद झाला, आणि तो रास्त होता. पण पुरस्कारानंतर मंडपात येऊन पद कसं म्हटलं जातं, ताल कुठे सैल पडतो, कोणती चाल दंडारीतून आली आणि कोणती तबकडीवरून, हे कान देऊन ऐकणारे वाढायला हवेत. बाजार साचा ठरवतो, कारण साच्यावर बोलण्याचा ज्यांना अधिकार आणि अभ्यास आहे त्यांनी आधीच नाक मुरडून जागा सोडून दिली आहे.

असं ऐकणं मराठीत नवं नाही. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाच्या आजारपणात देवासला आले. गाणं बंद होतं, तेव्हा त्यांनी माळव्याच्या बायांची गाणी ऐकली. त्यांना दिसलं की रागांची बीजं या धुनांत आहेत. मालवती, लगनगंधार, संजारी असे त्यांचे राग लोकधुनांवर केलेल्या त्या चिंतनाच्या काळातले. आणि त्यांनी लतादीदींवर लिहिलं, तेव्हा चित्रपटसंगीतानं लोकांचे कान बिघडवले हा आरोप साफ फेटाळला. उलट सामान्य माणसाचा सूर त्यानं सुधारला, असं ते म्हणाले, आणि तीन मिनिटांच्या उत्तम गाण्याचं मोल तीन तासांच्या मैफलीइतकंच मानलं. हे कुणा लोकप्रियतेच्या वकिलानं म्हटलेलं नाही, गेल्या शतकातल्या एका मोठ्या ख्यालगायकानं म्हटलं आहे.

पण कुमारांच्या उदाहरणातूनही एक फसवा निष्कर्ष काढला जातो: लोकधून मोलाची, कारण तिच्यातून राग निघतो. चामोर्शीच्या माणसाला यातला धोका चटकन कळावा. सूरजागडच्या खाणीतला लोहदगड कोनसरीच्या कारखान्याकडे जाताना तो रोज बघतो. दगडाची किंमत त्याच्यापासून पुढे काय बनेल यावर ठरते. गाण्याला असा कच्चा माल समजलं की गाणाऱ्याचं मोल खाणीतल्या मजुराएवढं होतं. डॉ. अशोक रानडे यांनी यातून वाट काढून ठेवली आहे. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी त्यांनी मांडल्या, त्या शेजारी शेजारी, एकावर एक नाहीत. ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिणारा हा विद्वान हिंदी चित्रपटगीतावरही तेवढ्याच गंभीरपणे ग्रंथ लिहितो. प्रत्येक कोटीला तिच्या स्वतःच्या कसोट्या आहेत आणि त्या कसोट्यांवर ती नापासही होऊ शकते.

भाची: रानड्यांचं मला पटतं. पण मामा, तुम्हाला पटतं का? तुम्ही तरी सगळं ऐकता का? आपल्या तालुक्यात बंगाली कॅम्प आहेत, त्यांचं नामसंकीर्तन रात्रभर चालतं. कधी गेलात? भामरागड-एटापल्लीकडच्या माडियांचा रेला कधी बसून ऐकलात? लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकलं आहे मी, “त्यात काय आहे, एकच ओळ रात्रभर.”

मामा: म्हटलं असंन.

भाची: एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, पायाचा ठेका सुटत नाही. ओळ तीच असते असं तुम्हाला वाटतं, कारण शब्द कळत नाहीत. विलंबित ख्यालाबद्दल तुमच्या मंडपातले लोक हेच म्हणतात: एकच ओळ, तासभर.

मामा: (थोड्या वेळानं) शिडी आहे म्हणतेस. वरच्यानं खालच्याले नाई ऐकायचं.

भाची: आणि खालच्यानं त्याच्याही खालच्याला. हो.

मामा: खंजिरीचं भजन मातर मी सोडलं नाई. तुकडोजी महाराजांची भजनं घरोघरी होती. चिमूरकडं 42 ची चळवळ पेटली ती त्या खंजिरीनंच. तिथं कोणी राग विचारला नाई.

भाची: विचारायला हवा होता. राग नाही तर लय. महाराजांची खंजिरी नुसत्या भावनेनं नव्हती वाजत. डाव्या हाताचा दाब आणि बोटं यांतून ती बोलत होती, आणि हजारोंचा समुदाय एका लयीत ठेवणं ही विद्याच आहे. ‘तिथं भाव होता’ म्हणून तुम्हीही ऐकणं टाळलंच की.

मला इथे भाची मोठी झालेली दिसते. तिनं आपलं शिक्षण खाली ठेवलं नाही, ते घेऊनच ती पुढे आली. हेच तर हवं आहे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये झालं, ते चामोर्शीहून तासाभराच्या वाटेवर आहे. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं, शब्द, दंडार, लोककथा गोळा केल्या. संगीताच्या बाजूनं तसंच काम व्हावं: दंडारीच्या चालींचं ध्वनिमुद्रण, पदांची झाडीतली रूपं स्वरलिपीत, ऑर्गनवाल्यांच्या आणि तबलजींच्या लांब मुलाखती, आणि ‘हे बेसूर होतं’ असं नाव घेऊन लिहिणारी समीक्षा. तंबोरा लावता येणाऱ्याच माणसाला हे काम नीट जमेल. म्हणून त्याच्या नकाराचं दुःख जास्त आहे.

भाची: मी माझ्या कॉलेजातल्या दोन मुलींना घेऊन येते. दोघी स्वरलिपी चांगली लिहितात. पण मामा, जे वाईट आहे ते वाईट लिहीन. नाचाबद्दल लिहीन. तुमच्या मध्यमाबद्दलही लिहीन. यमनकल्याण होऊन येत असेल तर तसं लिहीन, नुसताच बोट घसरून येत असेल तर तसं.

मामा: लिही. मंडळवाल्याले मी वाचून दाखवीन. माझी एकच अट आहे. पहिल्या अंकापासून बसा. बारा वाजता मोटारीनं येऊन दोन वाजता फोटो काढून परत जाणाऱ्यायनं आमच्याबद्दल लय लिहिलं.

भाची: आणि ख्यालाच्या बैठकीला तुम्ही येणार. विलंबितापासून.

मामा: कोणत्या रागाचा?

भाची: दरबारी.